बिनकोपीचा

"फेटा थोडा मागे घे. कपाळ दिसलं पाहिजे." कृष्णराज दोन पावलं मागे सरकला आणि भिंतीवरची तसबीर सरळ लागली आहे का ते पाहावं तसं त्यानं बंडप्पाकडे पाहिलं. "आता ठीक. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"शेत माझंच हाय म्हनून."

"कधीपासून?"

"आज्यापासनं."

"शाबास. आणि सगळं खरं वाटलं पाहिजे. पुण्याची माणसं आहेत, त्यांना खोटं लगेच कळतं."

तामलवाडीच्या पुढे, तलावाच्या काठाला ही जमीन होती. कृष्णराजच्या आजोबांच्या काळापासून बंडप्पा तिच्यावर सालगडी. आता तिथे 'रानमाया' होतं. पाण्याकडे तोंड केलेले पांढरे तंबू, झोपाळे, मावळता सूर्य पाहायला लाकडी माची. सकाळी तुळजापूरला दर्शन, दुपारी नळदुर्गचा किल्ला, रात्री तंबूत मुक्काम. ज्वारीचा एक पट्टा तेवढा ठेवला होता, तोही तंबूच्या दारातून हिरवं दिसावं म्हणून. त्यातलं कणीस तोडायला बंदी होती.

आज येळवस. या अमावस्येला आपल्याकडे जो तो आपापल्या शेतात जातो, कडब्याची कोप उभी करतो, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतो आणि शेंगा-भाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, ताकात आंबवलेली आंबील खातो. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. तू कोण, कुणाचा, असं पंगतीत कुणी विचारत नाही. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या कोपीवर जेवतो, आणि त्यात कमीपणा नाही असं सगळे म्हणतात.

बंडप्पानं जन्मभर दुसऱ्यांच्या कोपी बांधल्या. मालकानं रजा दिली तर तो लोहाऱ्याकडे थोरल्या बहिणीच्या, इरम्माच्या शेतावर जायचा. बांधावर तो दिसला की तिचा दीर ओरडायचा, "आला बगा बिनकोपीचा! दोन उंडे जास्ती वाढा रे, माघारी न्यायला लागत्यात त्याला!" पंगत हसायची. बंडप्पाही हसायचा. इरम्मा तेवढी भज्जीच्या पातेल्यात पळी फिरवत राहायची. तिला माहेर म्हणजे हा एक भाऊच होता. माहेरच्या कोपीवर ती कधी जेवलेली नव्हती.

आठवड्यापूर्वी बंडप्पानं तिला फोन केला होता.

"अक्का, औंदा येळवशीला माज्या कोपीवर यायचं."

"कुनाच्या म्हनलास?"

"माज्या. बटईनं घेतलंय रान."

तो हे का बोलला ते नेमकं सांगता यायचं नाही. साहेबच रोज तसं बोलायला लावत होते. येईल त्या परक्या माणसाला सांगायचं, तर बहिणीला का नको, एवढाच त्याचा विचार असावा. शिवाय येळवशीच्या पंगतीत कोण कुणाला विचारतंय? ती येईल, जेवेल, चारच्या गाडीनं जाईल.

ती आली ती डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन. दोन गाड्या बदलून आली होती, पण मडक्याच्या तोंडावरचं फडकं कोरडं होतं. फाटकावर राखण करणाऱ्या मुजीबनं तिला थांबवलं.

"मौसी, ते हितंच ठिवा. भायेरचं खानं आत न्हेता येत न्हाय."

"आरं, माज्या भावाच्या रानात आंबील न्ह्यायला तुला इचारू व्हय?" इरम्मा हसत होती. "बंडू, सांग की रं ह्याला!"

बंडप्पा तिला घ्यायला फाटकापर्यंत आला होता. मुजीबनं त्याच्याकडे पाहिलं. बंडप्पानं तलावाकडे पाहिलं.

"राहू दी, अक्का. आत लई हाय."

मुजीबनं बिंदगं आपल्या खुर्चीखाली सावलीला ठेवलं. पैसे भरलेल्या पाहुण्यांच्या मनगटाला तो केशरी कागदी पट्टा चिकटवत असे, तो इरम्माच्या हाताला न लावताच त्यानं तिला आत सोडलं.

"हे तंबू कुनाचं रं?"

"पाव्हन्यांचं."

"एवढं पाव्हनं आलं तुज्याकडं!" तिनं नऊवारीचा पदर सावरला. तिच्या चालीत काहीतरी बदललं. झोपाळ्यावरच्या बायांकडे, माचीवर फोटो काढणाऱ्या पोरांकडे ती घरच्या मोठ्या बाईनं पाहावं तशी पाहत चालली. एका पोराला तर तिनं विचारलंही, "जेवलास का रं, बाळा?"

पाहुण्यांसाठी उभारलेल्या कोपीसमोर वाकून तिनं पांडवांना हळद-कुंकू वाहिलं, आंबिलीच्या माठाचा वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. "ही आंबील न्हवं, ताक हाय."

"पाव्हन्यांना वास सोसत न्हाय, अक्का."

"मग माजी आन की फाटकावरनं!"

"आनतो. तू बस आदी."

पंगत बसली. इरम्माच्या शेजारी पुण्याची अर्पिता म्हणून एक बाई होती. तिनं मोबाइल वर धरला. "काका, या कोण?"

"माजी अक्का."

"अय्या, म्हणजे शेताच्या मालकीणबाई!"

"मालकीन न्हाय गं माय," इरम्मा म्हणाली, "माहेरवाशीन हाय मी."

हे बंडप्पानं ऐकलं. तो उंडे वाढत होता. त्याचा हात क्षणभर परातीतच राहिला. बहुधा एवढ्यासाठीच त्यानं सगळं केलं होतं.

इरम्माच्या पत्रावळीवर भज्जी पडली. तिनं उंडा मोडला, भज्जीत कालवला. तेवढ्यात कृष्णराज पंगतीच्या मागून आला आणि तिच्या मनगटाकडे पाहून थांबला.

"मावशी, तुम्ही स्टाफपैकी कुणाकडच्या? स्टाफचं जेवण मागच्या बाजूला असतं. चारनंतर."

"म्या बंडप्पाची बहीन. शेत माज्या भावाचं हाय."

कृष्णराजला हसू आलं. वाईट हेतूनं नव्हे, खरंच आलं. "बंडप्पा, हिलापण सांगितलंस? अहो मावशी, ते पाहुण्यांसाठी असतं. शेत आमचं आहे. हा इथे कामाला आहे."

पंगतीत दोघंतिघं हसले. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. एकानं टाळीही वाजवली.

"असू द्या ना," अर्पिता म्हणाली, "यांचे मी भरते. किती गोड आहेत!"

"पैशाचं नाही हो, मॅडम. एकाला बसवलं की रस्त्यावरचे सगळे येऊन बसतात. या लोकांत तशी पद्धतच आहे." आणि तो बंडप्पाकडे वळला. "उठव त्यांना. तूच उठव, तुझ्या आहेत."

इरम्मा भावाकडे बघत होती. कालवलेला हात पत्रावळीवर तसाच होता.

"बंडू, खरं काय ते तू सांग. ह्यांचं मला ऐकायचं न्हाय."

बंडप्पाच्या हातात परात होती. मोबाइल त्याच्याकडे वळले होते. फेटा कपाळावरून मागे होता, त्यामुळे कपाळावरचा घाम सगळ्यांना दिसत असणार.

"ऊठ, अक्का," तो म्हणाला.

भरल्या पानावरून कुणाला उठवणं यापेक्षा मोठा अपमान आमच्या भागात नसेल. इरम्मानं हाताला लागलेली भज्जी पत्रावळीच्या कडेला पुसली. मग पोटभर जेवल्यावर दुमडतात तशी पत्रावळ तिनं नीट दुमडली.

"जेवले गं माय," ती अर्पिताला म्हणाली. "झालं माजं. तुमी बसा सावकाश."

बंडप्पा तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मुजीबनं खुर्चीखालचं बिंदगं काढून दिलं. ते हलकं होतं.

"मौसी, माश्या बसाय लागल्या, वास येतूय म्हनून साहेबांनी सांडाय लावली." तो जमिनीकडे बघत बोलला. फाटकाच्या आत, 'रानमाया'च्या पाटीखालच्या मातीत पांढरट ओल पसरली होती.

रिकामं भांडं माघारी देऊ नये. बंडप्पानं इकडेतिकडे पाहिलं. हाताशी ज्वारीची कणसं होती, दुधात आलेली. त्यानं एकाला हात घातला.

"बंडप्पा! कणीस तोडू नकोस!" माचीवरून कृष्णराजचा आवाज आला. "फोटोत दिसतं ते!"

त्यानं हात काढला. इरम्मा रिकामं बिंदगं काखेत मारून रस्त्यावर आली होती. दीर ओरडायचा तो 'बिनकोपीचा' शब्द तिनं कधी तोंडातून काढला नव्हता, आजही काढला नाही. नुसती म्हणाली, "पुढल्या साली आमच्याकडं ये. लवकर ये. दोन उंडे जास्ती ठिवते."

मग सीटं भरणारी जीप आली आणि ती बसून निघून गेली.

दुपार कलल्यावर शेत शिंपायची वेळ झाली. कमरेवर माठ धरायचा, लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची आणि आरोळी द्यायची. पाहुणे मोबाइल घेऊन मागे निघाले. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" बंडप्पा ओरडत होता. आवाज चांगला लागला होता. पाहुणेही हौसेनं ओरडत होते. माठात मिठाचं ताक होतं.

पूर्वेच्या बांधावर कृष्णराज म्हणाला, "पुन्हा एकदा शिंप इथे, ऊन आडवं आलं होतं."

"एकदा शिंपल्याली जागा पुन्यांदा शिंपीत न्हाईत, साहेब."

"बरं, मग चल, पाटीखाली शिंप. नाव दिसेल मागे."

फेरी फाटकाशी आली. पाटीखाली माती अजून ओली होती. कडेनं मुंग्या लागल्या होत्या. मुजीब खुर्चीवरून उठून उभा राहिला. बंडप्पानं डहाळी माठात घातली नाही. तेवढ्या जागेला त्यानं बाहेरून वळसा घातला.

"अरे, इथे राहिलं की!" कृष्णराज मागून ओरडला.

"तितं झालंय," बंडप्पा म्हणाला आणि पुढच्या बांधावर गेल्यावर त्यानं पुन्हा आरोळी दिली.