दिसू नकोस, दादा

एके काळी आमच्यावर चित्रकथा निघायच्या. पोरं खाऊच्या पैशांतून त्या घ्यायची. मग वारं फिरलं, आम्ही माणसांतून उठलो, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनीच दगड उचलले. उडणाऱ्या पतंगरावाला वरच्यावर गोळी घातली. मनातलं ऐकणारी मावशी वेड्यांच्या इस्पितळात गेली. लोकांची मनं दिवसभर ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. उरलो मी आणि दादा. दोघंही एका धुलाई कारखान्यात, मान खाली घालून. ओल्या चादरींची गाठोडी उचलताना मी उगाचच धापा टाकायची. माझं बळ कळलं असतं तर माझीही गठडी वळली असती.

दादाची गोष्ट वेगळी. तो घाबरला की अंगावरच्या कपड्यांसकट दिसेनासा व्हायचा, जीव शांत झाला की परत दिसायचा. चित्रकथेत हे फार रुबाबदार वाटायचं. घरी मात्र दार वाजलं की त्याच्या हातातला घास हवेत लटकायचा.

त्या दुपारी बॉयलर फुटला आणि छत खाली आलं. दादा आत होता. बचावपथकाने फटींतून बॅटऱ्या मारल्या आणि आत कुणी नाही असं सांगून टाकलं. मी पाया पडले, तो तिथेच आहे म्हटलं. पथकाच्या साहेबांनी मला पाणी दिलं आणि ढिगारा उपसायला यंत्र मागवलं.

मी फटीला तोंड लावून त्याला समजावत राहिले, लहानपणी तो मला समजावायचा तशी. "दादा, मी आहे ना. शांत हो. यांना दिस एकदा." काही दिसलं नाही. यंत्र घरघरलं तेव्हा माझा धीर सुटला. तुळईखाली खांदा घातला आणि सगळ्यांच्या देखत ती उचलली. लोक मागे सरले, कुणीतरी पोलिसांना हाक मारली. माझं काय व्हायचं ते होवो.

खाली नुसती धूळ. मला केवढा आनंद झाला! दिसत नाही म्हणजे घाबरलाय, घाबरलाय म्हणजे जिवंत आहे. एका हाताने चाचपडले तर त्याची बोटं लागली. त्या बोटांनी माझं मनगट धरलं.

"आलीस?" त्याचा आवाज अगदी निवांत होता. "आता बरं वाटतंय गं."

मग पकड सैल झाली. आधी बोटं दिसू लागली, मग बाही, मग खांदा. मागून कुणीतरी म्हणालं, माणूस आहे खरा.

"नको ना, दादा," मी म्हणाले. "घाबर. अजून थोडा घाबर."