उजव्या कोपऱ्यातली बोम्मई

देविकाचा चेहरा घराबाहेर कुणी पाहिलेला नाही, असं म्हटलं तर ते फारसं खोटं नव्हतं. दवाखान्यात न्यायची तर ओढणीखालून, गच्चीवर न्यायची तर मोठ्या टोपीखालून. साताऱ्याला सासूबाईंना मी फोटो पाठवायची ते तिच्या पावलांचे, फार तर पाठमोरे. त्या पाहुण्यांना सांगत, आम्हाला नात नाही झाली, दोन तळपाय झालेत.

जन्मल्यावर देविका काही दिवस काचेच्या पेटीत होती आणि काचेच्या अलीकडे उभं राहून जो तो तिच्याकडे बघून जायचा. मीही अलीकडेच. तेव्हापासून तिच्याकडे कुणी टक लावून बघितलं की मी तिच्यावर ओढणी ओढते. मी संख्याशास्त्र शिकलेय, दृष्टबिष्ट मानत नाही. पण तीट लावायला काही मानावं लागत नाही, काजळ असलं की झालं.

धंदा मात्र मी लोकांनी बघावं याचाच करत होते. नवरा, यश, सकाळीच गाड्यांच्या कारखान्यात जायचा आणि चेन्नईत अण्णा नगरच्या घरात मी, देविका आणि माझा फोन. टी. नगरच्या एका गल्लीतल्या छोट्या दुकानांच्या महिन्याभराच्या पोस्टी मी आखून द्यायची. कुठल्या दिवशी कुठला फोटो, त्याखाली काय मजकूर, किती वाजता टाकायचा. देविका दुपारी झोपली की बसायचं आणि ती उठायच्या आत अख्खा महिना शेड्यूल करून टाकायचा. मग पोस्टी आपापल्या पडत राहतात, बघावं लागत नाही. आईला हेच काम परवडतं.

दोसाचं पीठ विकणारी विजयालक्ष्मी, ब्लाउज शिवणारा श्रीहरी आणि पितळी भांड्यांचे शेषगिरीराव, ही माझी गिऱ्हाइकं. शेषगिरीराव मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी कुठल्यातरी जुन्या कागदातून उठून आल्यासारखं, वर तमिळचा हेल. पहिल्यांदा फोनवर बोलले तेव्हा मला वाटलं दरबारातून कुणी बोलावणं धाडलंय.

त्यांच्यासाठी मी पहिल्याच महिन्यात कॉफीच्या डवरा-टंब्लरचं रील केलं. पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात, फेसाळ कॉफीची लांबलचक धार. ते इतकं चाललं की मी देविकाला कडेवर घेऊन, ओढणी नीट करून, स्वतः त्यांना सांगायला गेले.

"चाळीस हजार लोकांनी पाहिलं," मी म्हणाले.

"म्हणजे ऐंशी हजार डोळे," विशालाक्षीमामी म्हणाल्या. या शेषगिरीरावांच्या बायको. त्या गल्ल्यामागे बसतात आणि सहसा बोलत नाहीत.

दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला वाटलं कुणी गेलंबिलं. मग हळूहळू कळलं. रील पडल्यापासून दुकानाचं शटर अर्ध्यातच अडकत होतं. घरचा इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर बंद पडला होता. रावांचा गुडघा धरला होता आणि मामी कोरड्या जमिनीवर घसरल्या होत्या. गिऱ्हाईक वाढलं होतं हे त्यांना मान्य होतं, पण ते वाकून शटरखालून येत होतं.

पुढच्या महिन्यासाठी शेषगिरीरावांची मागणी साधी होती. पोस्टी हव्यात, गिऱ्हाईक यायला हवं, मात्र त्या पोस्टी कुणी बघता कामा नयेत. मी म्हणाले की हे कसं जमणार. त्यांनी समजूत घातली की बघितलं तर चालेल, डोळे भरून बघू नये.

आता हे दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण मी ओढणीखाली मुलगी धरून बसले होते. मला मागणी शंभर टक्के कळली.

म्हणून मी कुणालाही हेवा वाटणार नाही असा महिना आखला. फोटो सगळे ढगाळ दुपारचे, कळशीचा चेपलेला भाग पुढे केलेला. मजकूर: "परात. इतर परातींसारखी." "समई. जरा तिरकी आहे." "आज दुकानात विशेष काही नाही." वेळा मामींनी पंचांगात बघून दिल्या. राहुकाळात पोस्ट नाही, यमगंडाच्या अशुभ वेळेत नाही. उरलेल्या वेळात सगळं चेन्नई एकतर जेवत असतं नाहीतर झोपलेलं असतं. यापेक्षा निरुपद्रवी महिना मला जमला नसता.

लोक वेडे झाले. इतका प्रामाणिक दुकानदार आम्ही पाहिला नाही, असं लिहू लागले. तिरकी समईच हवी म्हणून अण्णा नगरहून माणसं जाऊ लागली. शेषगिरीरावांनी सरळ समया ठोकून तिरक्या केल्या, त्याही गेल्या. शटर आता पूर्ण मिटलं आणि रावांचा दुसरा गुडघाही धरला.

त्यावर त्यांनी शेवटचा उपाय सांगितला. येत्या महिन्यात प्रत्येक पोस्टीच्या उजव्या कोपऱ्यात दृष्टीची बोम्मई हवी. बोम्मई म्हणजे वटारलेले डोळे, झुपकेदार मिशा आणि बाहेर काढलेली लाल जीभ असलेला राक्षसाचा मुखवटा. बांधकाम चाललेल्या प्रत्येक इमारतीवर आणि निम्म्या दुकानांवर तो इकडे टांगलेला असतो. बघणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडते आणि तिथेच जिरते. त्यांच्या दुकानावरही एक बाजारातली होती, पण ती जुनी, निम्म्या मिशा उंदराने खाल्लेल्या. आमच्या घराशेजारच्या बांधकामावर चांगली तजेलदार होती. मी तिचा फोटो काढला आणि कापून स्टिकर केला.

त्याच दिवशी देविकाने बीट खाल्लं. त्यानंतर काजळाची डबी उघडली. मी कुकर बंद करून येईपर्यंत तिला मिशा आल्या होत्या, भुवया कानापर्यंत गेल्या होत्या आणि डबी काढून घेतली म्हणून ती लालभडक जीभ बाहेर काढून माझ्यावर गुरगुरत होती. आईला मोह होतोच. मी फोटो काढला, तोही कापून स्टिकर केला, फक्त यशला पाठवायला. पाठवताना सोबत लिहिलं की बघून लगेच पुसून टाक. तो म्हणाला, फोटो पुसू की तोंड?

दुपारी ती झोपली आणि मी महिना आखायला बसले. बोम्मईचा स्टिकर उचलला, साच्याच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला, म्हणजे प्रत्येक पोस्टीत आपोआप आला. मजकूर पुन्हा पुन्हा तपासला. राहुकाळ तपासला. नखाएवढ्या कोपऱ्याकडे परत बघायचं मला सुचलं नाही, आणि ती कूस बदलायला लागली तशी मी सगळं शेड्यूल करून टाकलं.

पोस्टी पडू लागल्या तसं शटर सरसर वर गेलं. ग्राइंडर न दुरुस्त करता चालू झाला. शेषगिरीरावांनी फोन करून सांगितलं की दोन्ही गुडघे सुटले, आज ते स्वतः माळ्यावर चढून परात काढून आले. "बोम्मई फार जागृत आहे, अम्मा," ते म्हणाले. मी म्हटलं, आहेच, शेजारच्या इमारतीला एकही तडा नाही. विजयालक्ष्मीने विचारलं, मलाही ती देतेस का. श्रीहरीनेही विचारलं. मी साचाच सगळ्यांना पाठवून दिला आणि हवं तर छापून घ्या म्हणाले. गिऱ्हाईक खूश असलं की मला दोन घास जास्त जातात.

महिना संपत आला तसे पुढच्या महिन्याचे फोटो काढायला मी देविकाला घेऊन ऑटोने निघाले. ऑटोवाला सुब्बा आमच्या कोपऱ्यावरचा, तो मागे वळून बाळाकडे बघत नाही म्हणून मी नेहमी त्याचाच ऑटो घेते. टी. नगरच्या अलीकडे गर्दीत अडकलो. देविका ओढणीच्या फटीतून बोट काढून पुढे दाखवू लागली आणि जीभ बाहेर काढून गुरगुरली. पुढच्या ऑटोच्या पाठीवरून देविका आमच्याकडे बघून जीभ बाहेर काढून गुरगुरत होती.

मी आधी कडेवरची चाचपली. ती होती. मग पुढच्या ऑटोकडे नीट पाहिलं. काजळाच्या मिशा. बीट. डाव्या भुवईतला तो खळगा, जो फक्त मला आणि डॉक्टरांना माहीत आहे.

सुब्बाने कौतुकाने सांगितलं की ही नवी बोम्मई सध्या फार चालतेय, त्याच्या मेहुण्याने ही लावल्यापासून त्याचा ऑटो पोलिसांनी एकदाही थांबवलेला नाही.

गल्लीत शिरले तर प्रत्येक शटरवर माझी मुलगी. पिठाच्या पिंपावर, ब्लाउजच्या दुकानाच्या आरशावर, रसाच्या गाड्यावर लिंबू-मिरचीच्या मधोमध. शेषगिरीरावांच्या दुकानावर तर फ्लेक्स, दाराएवढा, खाली कोहळा टांगलेला आणि कापराचा काळा डाग. येणारीजाणारी माणसं मान वर करत होती, तिच्याशी नजर भिडली की चटकन खाली बघत होती आणि वाट काढत होती. एवढ्या गर्दीत एकही माणूस तिच्याकडे टक लावून बघत नव्हता. हे मला तेव्हाही दिसलं. तरी मी कडेवरचीवर ओढणी आणखी ओढली.

आत जाऊन मी ओढणीच बाजूला केली. शेषगिरीरावांनी देविकाकडे पाहिलं, वाकून बाहेरच्या फ्लेक्सकडे पाहिलं, पुन्हा देविकाकडे पाहिलं आणि हात जोडले. आधी तिच्यासमोर, मग माझ्यासमोर. एका जिवंत लेकराला उन्हातान्हात पहाऱ्यावर उभं केलं, हे केवढं पाप जाहलं, असं काहीतरी ते पुटपुटत होते. पाप माझं आहे, चुकीचा स्टिकर उचलणारा अंगठा माझा होता, असं मी सांगितलं. फक्त आत्ताच्या आत्ता ते खाली उतरवा, गल्लीतले सगळे.

इथे ते अडले. बोम्मई अशी उतरवता येत नाही. आधी दुसरी चढवायची, मगच पहिली काढायची, मध्ये चौकट एक क्षणही उघडी राहता कामा नये. गल्लीत कुणीही याला तयार होणार नाही आणि तेही होणार नाहीत. मी म्हटलं बाजारातली आणा. जुनी बाजारातलीच होती, ते म्हणाले, तिच्या डोळ्यांदेखत गुडघे गेले. शेजारच्या बांधकामाची खरी बोम्मई मी फोनवर दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि ही फार प्रेमळ दिसते म्हणाले.

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात फोन वाजला, सासूबाई. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. पलीकडे जराही आश्चर्य नव्हतं. भांड्यांच्या दुकानाचं पान त्या रोज बघायच्या, सुनेचं काम म्हणून. "पहिल्याच दिवशी ओळखली मी," त्या म्हणाल्या. "नाक आमच्याकडचं आहे. बोलले असते तर तू काढून टाकलं असतंस." महिनाभर त्या चष्मा लावून उजव्या कोपऱ्यात नात बघत होत्या. रोज नवी पोस्ट आली की आधी तिची दृष्ट काढायच्या आणि मग खालची परात बघायच्या.

मी फोन ठेवला. विशालाक्षीमामी गल्ल्यामागून उठल्या होत्या. माझ्या समोर येऊन त्या मला निरखत होत्या, भांडं घेण्याआधी निरखतात तसं. ऑटोत घामाने माझं काजळ गालावर आलं होतं. केस सुटले होते. डोळ्यांचं म्हणाल तर देविका झाल्यापासून मी ते पूर्ण मिटलेले नाहीत, यश म्हणतो तू झोपेतही एक उघडा ठेवतेस.

"ही आहे की," मामी रावांना म्हणाल्या.

राव संकोचले. चांगल्या घरची बाई, असं कसं विचारायचं, म्हणाले. मला विचारायचीच गरज नव्हती. मी देविकाला मामींकडे दिलं. आजवर मी तिला बाहेरच्या कुणाकडे दिलं नव्हतं, पण हातांचं काम होतं. केस आणखी मोकळे केले. ओढणी आडवी येत होती, ती काढून परातीवर टाकली. राव फोन धरून उभे राहिले, सुब्बा दारातून बघायला आला.

पहिले फोटो वाया गेले. मी काळजीत दिसत होते, भीतीदायक नाही. मामींनी देविकाला हलवत सुचवलं, "असं समजा, रस्त्यात कुणी अनोळखी बाई आली, आणि हिचा गालगुच्चा घेतला, आणि म्हणाली, किती गुटगुटीत हो."

पुढचं मला आठवत नाही. क्लिक झालं तेव्हा सुब्बा उंबऱ्यावरून मागे सरकला होता आणि शेषगिरीराव फोन उलटा करून काउंटरवर ठेवत होते. एवढा पुरे, म्हणाले.

फ्लेक्सवाला गल्लीच्या तोंडाशीच बसतो, छापून यायला वेळ लागला नाही. राहुकाळ संपेपर्यंत मात्र सगळे थांबलो, कॉफी प्यालो. मग मी वर चढले, म्हणजे माझा फ्लेक्स चढला, आणि माझ्या मागून देविका उतरवली गेली. विजयालक्ष्मीने माझी छापील प्रत लावून मग आपली आणून दिली, श्रीहरीने आरसा खरवडून काढला. शिडीवर उभ्या असलेल्या शेषगिरीरावांना मी गुडघ्याचं विचारलं. चांगलं आहे, अम्मा, म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

सुब्बाने मेहुण्यासाठी एक प्रत मागून घेतली आणि थोडं थांबून स्वतःसाठीही.

निघताना मामींनी देविकाला माझ्या कडेवर दिलं. ओढणी परातीवरच राहिली होती, ते मला गल्लीच्या निम्म्यात कळलं. मी वळले. भर दुपारची गर्दी, साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायका चहूबाजूंनी, आणि देविकाचा चेहरा सताड उघडा. बायकांच्या माना वर जात होत्या, दाराएवढ्या मला बघून खाली येत होत्या, आणि मग ज्या त्या पायाखालचं बघत आमच्या शेजारून निघून जात होत्या.

देविकाने वर पाहिलं, फ्लेक्सकडे. मग माझ्याकडे. रोजचीच बाई आहे हे तिने ओळखलं असावं, कारण तिने जांभई दिली आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. ओढणी घ्यायला मी परत गेले नाही. ती झोपली की घरी जाऊन पुढचा महिना आखायचा होता, आणि उजव्या कोपऱ्यात या वेळी नीट बघून, स्वतःला ठेवायचं होतं.