मिशरीचा रकाना

पारोळ्याच्या मंगल कार्यालयात शिरताच मृणालीला आई दिसली. दारापेक्षा उंच फ्लेक्सवर, हसताना. खाली मोठ्या अक्षरांत होतं : ‘नऊ देश, एक लढा – कर्करोगमुक्त गाव’. आईला, भागाबाईला, जाऊन तीन महिने झाले होते.

“या मॅडम, तुमचीच वाट बघत होतो!” प्रकल्पाचे जिल्हा समन्वयक रुपचंद सर ढोकळ्याची बशी सावरत पुढे आले. “परदेशातून डॉक्टर बाई आल्यात. दोनच मिनिटं बोला. मुद्दे मी लिहून ठेवलेत. फक्त ते... आई गेल्याचं नको. कार्यक्रमाचा नूर जातो.”

त्यांनी दिलेल्या चिठ्ठीतली पहिली ओळ होती, ‘माझ्या आईची वेळेत तपासणी झाली.’ मृणालीने पुढचं वाचलं नाही.

ती भाषणाला आलीच नव्हती. सोमवारपासून हे तपासणी शिबिर धुळे जिल्ह्यात, शिरपूरकडच्या पाड्यांवर जाणार होतं. फॉर्म तोच. त्यात एक प्रश्न घालून घ्यायचा, एवढ्यासाठी ती धुळ्याहून सकाळच्या एसटीने आली होती.

दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये आईचा फॉर्म तिनेच भरला होता. रांग लांब, गावची आशा कार्यकर्ती प्रमिलाबाई एकटी. सोबत कॉलेजातली ग्रंथपाल लेक आहे म्हटल्यावर प्रमिलाबाईने तिच्याच हाती पेन दिलं. प्रश्न सातवा : तंबाखू खाता किंवा ओढता का?

“नही वं माय,” आई म्हणाली होती. मृणालीने ‘नाही’वर खूण केली. ‘नाही’ असल्यास थेट बाराव्या प्रश्नाकडे जा, असं तिथेच छापलेलं. आठ ते अकरा म्हणजे तोंड उघडून तपासणं. ते राहिलं. रक्तदाब मोजला, फोटो काढला, झालं.

आई खोटं बोलली नव्हती. तव्यावर काळीठिक्कर होईस्तोवर भाजलेली तंबाखू कुटायची आणि सकाळी ओट्यावर बसून बोटाने अर्धा अर्धा तास दातांना लावायची, ही मिशरी. ती दात घासायची वस्तू. मिशरी लावणाऱ्या बाईला ‘तू तंबाखू खातेस’ म्हणा, शिवी दिल्यासारखी अंगावर येईल. त्या तव्याच्या धुराने मृणालीचे डोळे लहानपणापासून चुरचुरले होते. एवढी पुस्तकं वाचली, पण पेन हातात असताना तो तवा काही आठवला नाही. पुढे गालाच्या आतली कर्करोगाची जखम आईने सहा महिने लपवली, दुधात भाकरी कालवून गिळली. ते सगळं मृणाली सोसू शकत होती. ती खूण करणाऱ्या आपल्या हाताची मात्र तिला किळस यायची.

डॉक्टर बाईंशी ती इंग्रजीत, आवाज न चढवता बोलली : सातव्या प्रश्नाखाली ‘मिशरी लावता का?’ एवढं घाला. बाईंनी मान कलती करून ऐकलं, वहीत टिपलं.

“फार मोलाचं सांगितलंत. पण फॉर्म नऊही देशांत एकच आहे. एका जागी बदलला तर तुलना कशी करायची? पुढच्या टप्प्यात नक्की घेऊ.”

“पुढचा टप्पा कधी?”

“चार वर्षांनी.”

“बघा, बाईंनी नोंद घेतली!” रुपचंद सर खूश झाले. “आता त्या फ्लेक्ससमोर दोघींचा एक फोटो होऊन जाऊ द्या.”

 मृणाली वळली आणि सरळ नोंदणीच्या टेबलापाशी गेली. समोर उषाबाई नावाची म्हातारी बसली होती. प्रमिलाबाईने नुकतीच ‘नाही’वर खूण केली होती.

“आजी, दात कशाने घासता?” मृणालीने विचारलं.

“मिशरीघाई. दुसरं काय राहास?”

मृणाली प्रमिलाबाईकडे वळली. “अक्का, ‘हो’ कर ते.”

रुपचंद सर धावतच आले. “अहो मॅडम, असं केलं तर गावातल्या निम्म्या बायका ‘हो’ निघतील! दातांचा डॉक्टर मी एकच आणलाय. जेवणं दीडला आहेत.”

प्रमिलाबाईने पेन खाली ठेवलं. “सर, मी बी मिशरी लावस. मना फॉर्मवर बी ‘नाही’ शे. कव्हय इचारं तुम्ही?”

रांगेतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, “आते सरले बी तोंड उघडाले लावा, ढोकळा दिखी!”

सरांनी बशी पाठीमागे नेली. प्रमिलाबाईने ‘नाही’ खोडलं, ‘हो’वर खूण केली आणि कागद दातांच्या डॉक्टरपुढे सरकवला. सकाळपासून मोबाइल बघत बसलेल्या त्या तरुणाने नाइलाजाने बॅटरी उचलली.

उषाबाईने आधी पदराने दात झाकले, मग लाजत तोंड उघडलं.

“अजून थोडं मोठं, आजी.” तो वाकला. मग हातमोजे चढवून पुन्हा वाकला. जीभ बाजूला केली आणि बॅटरी गालाच्या आतल्या एका पांढऱ्या चट्ट्यावर तशीच धरून ठेवली.

“काय शे रे दादा?” तोंड मिटत उषाबाईने विचारलं. “इतलं काय देखस?”