तीन सेकंदांची खोड

सुमंगलाबाईंना गप्प बसता येत नसे, आणि त्याचाच त्यांनी वीस वर्षं पगार घेतला. पणजीच्या वृत्तवाहिनीवर त्या बातम्या द्यायच्या. रस्त्यावरचा वार्ताहर जरा अडखळला की स्टुडिओतून त्याचं वाक्य पुरं करून टाकायच्या. तीन सेकंद कोणी बोललं नाही तर प्रेक्षक चॅनल बदलतो, हा तिथला नेम.

जूनमध्ये ती नोकरी सोडून त्या डिचोलीच्या एका कॉलेजात पत्रकारिता शिकवायला आल्या. घरचे म्हणाले, वेड लागलं हिला! आणि वर्गातली अठरा मुलं मूग गिळून बसलेली. बाई प्रश्न विचारत, मनात तीन मोजत आणि उत्तरही स्वतःच देत. चार महिने हेच. शेवटी वाहिनीचे संपादक रामचंद्रबाब यांचा फोन आला, "परत यायचं असेल तर तुमची जागा शनिवारपर्यंत राखून ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही." शिकवणं आपल्याला जमत नाही, या विचाराने बाई त्या दिवशी चक्क रडल्या.

शुक्रवारी त्यांनी वर्गाला सरळच विचारलं, "माझं शिकवलेलं कळत नाही का रे?" आणि तीन सेकंदांनी, "नसेलच कळत!"

पेडण्याहून येणारी तनया ताडकन उठली. "मॅडम, आम्ही तोंड उघडीसर तुम्हीच बोलून मोकळ्या! आम्ही कधी बोलूचा?"

बाईंनी कपाळावर हात मारला. अरे देवा, एवढं साधं!

शनिवारी सकाळी कॉलेजच्या यूट्यूबवर मुलांचा पहिला थेट कार्यक्रम होता. पाहुण्या होत्या आमोण्याच्या रुक्मिणीमावशी, चाळीस वर्षं डिचोलीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या. तनयाने विचारलं, "मावशे, पयल्या दिवशी काय काय इकलंस?"

मावशी गप्प. एक, दोन, तीन. कॅमेऱ्यामागे बसलेल्या बाईंच्या जिभेवर वाक्य तयार! त्यांनी नाश्त्याचा अख्खा उंडो तोंडात कोंबला. मेला तो पाव, चावता चावेना. सहा, सात, आठ.

"कायच इकूक नाय गो," मावशी म्हणाली. "ओरडूची लाज वाटली. भरली टोपली तशीच घराक नेलंय. घोव म्हणालो, भाजी कोणाक नको झाली? मी म्हटलंय, माझ्याकडे भाजी आसा ता कोणाक सांगूकच नाय!"

तनया खळखळून हसली. "माझापण तसाच, मावशे!" मग दोघींची अशी गट्टी जमली की दहा मिनिटांचा कार्यक्रम अर्धा तास चालला. संपल्यावर अठराही मुलं एकदम बोलू लागली. पुढचा पाहुणा कोण, प्रश्न कोण विचारणार, यावरून भांडणच जुंपलं.

तेवढ्यात रामचंद्रबाबांचा फोन. "काय ठरलं? अहो, नीट ऐकू येत नाही, कसला गोंधळ तो?"

"माझा वर्ग बोलतोय!" बाई ओरडून म्हणाल्या. "दुसरं कोणीतरी बघा हो!" आणि फोन ठेवून त्या भांडणात शिरल्या.