दुसऱ्या डब्याचा चमचा

मित्रांनो, मी तुमच्या बोटाएवढा एक जुना चमचा आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरीत मापाला मिळतो ना, तो. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण न सांगणे त्याहून वाईट.

मी कारखान्यात साच्यातून पडलो आणि डब्यात बसून दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो. तीस मिलिलिटर पाण्याला मला एकदा, काठाशी सपाट भरायचे. माझ्या मापावर इंदुमतीबाईंचा श्रीपाद गुटगुटीत झाला. पुढे डबा भंगारात गेला. मला मात्र बाईंनी त्याच्या जावळाच्या डबीत ठेवले. त्या केसांशेजारी मी तीस वर्षे अंधारात पडून होतो.

डबी उघडली ती दिल्लीच्याच द्वारका उपनगरात. श्रीपादने नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. इमारत नऊ मजली, राहणारी कुटुंबे तीन. त्याला मुलगी झाली होती, रुचिरा. तिची आई मयुरा आजारी पडल्याने तिला अंगावर पाजता येईना, म्हणून डॉक्टरांनी पावडरीचे दूध सांगितले.

नव्या डब्यातला चमचा माझ्या दुप्पट होता. इंदुमतीबाईंनी तो काढून कपडे धुण्याच्या पावडरीत टाकला.

"आई, तो का काढलात?" मयुराने विचारले.

"अगं, तान्ह्याला नवं लावू नये. अंगडं जुनं, दुपटं जुनं, मग चमचाच नवा कशाला? तुझा नवरा याच्यावरच वाढलाय. बघ, केवढा घोडा झालाय!"

मयुरा हसली. डब्यावर लिहिले होते, साठ मिलिलिटरला एक चमचा. बाई आकडा डब्यावरचा घेत आणि माप माझे. मला कळत होते, पण चमच्याला आवाज कुठला?

सुरुवातीला रुचिरा फार रडे. बाटली संपली तरी तिचे ओठ हवेत चोखत राहत. मग ती रडेनाशी झाली, बाटलीही अर्धीच पिऊ लागली.

"बिल्कुल आवाज नाही! काय गुणी पोर आहे!" शेजारच्या शालिनीताई म्हणाल्या. बाईंनी लगेच मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

दुपारी रिकाम्या फ्लॅटांची दारे आपोआप आपटत. विमाने इतकी खालून जात की खिडक्यांच्या काचा थरथरत. पूर्वी बाळ दचके. आता ते उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत राही. घरात बाळ आहे हे ऐकून कळत नसे. मी बाटलीवर वाकलो की ती माझ्याकडे बघे. वाटे, हिला सगळे ठाऊक आहे.

पंधराव्या दिवशी मयुरा कपडे वाळत घातलेल्या दोरीपाशी थांबली. "आई, लंगोट दोनच?"

"तेवढेच ओले झाले. तुझं धुणं वाचलं की!"

मयुरा आत गेली. धुण्याच्या पावडरीतला चमचा तिने उचलला, धुऊन पुसला आणि माझ्याशेजारी ठेवला. मला भरून त्यात ओतले. तो अर्धाच भरला.

"आई... आपण हिला पाणी पाजतोय."

इंदुमतीबाईंचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला. त्याच मुठीत मी रिक्षातून दवाखान्यात पोचलो. रुचिरा मयुराच्या मांडीवर कापडासारखी पडली होती.

"डिब्बे का अपना चम्मच कहाँ है?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. इंदुमतीबाईंनी मूठ उघडली.

"अम्माजी, ये तो किसी और डिब्बे का है।"

रुचिराला दवाखान्यात ठेवून घेतले. डॉक्टरीणबाईंनी मयुराला समजावले: प्रत्येक डब्याचे माप वेगळे असते. त्याच डब्याचा चमचा घ्या, सपाट भरा, पाणी आधी मोजा. दूध पातळ नको, तसे घट्टही नको. किती पाजायचे ते बाळाच्या वजनावरून आम्हाला विचारा आणि त्याची भूकही ओळखा.

दोन दिवस बाईंनी कोणाकडे मान वर करून पाहिले नाही. तिसऱ्या सकाळी रुचिरा अशी किंचाळली की नर्स धावत आली. बाईंनी तिला छातीशी धरले. "रड गं माझी बाय, रड. आता ऐकतेय मी."

मित्रांनो, माझ्यात खोट नव्हती. तरी मी एका बाळाला उपाशी ठेवले. तुमच्या घरी तान्हे असेल, तर डब्यावरची अक्षरे मोठ्यांना वाचून दाखवा. आणि ते फारच शहाण्यासारखे गप्प पडून राहू लागले, तर कौतुक करू नका. त्याला आधी उचला.