अंगावरचा खोटा आकडा

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे, तुमच्या करंगळीहून थोडा जाड. दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे मला भरून, रिकामं करून पाहिलं आणि अंगावर आकडा छापला, पाचशे एमएएच. माझ्या पोटात मावते तेवढी वीज. आकडा लहान होता, पण खरा होता.

पहिलं काम मिळालं ते एका ई-सिगारेटमध्ये. आपल्या देशात तिला बंदी, म्हणून ती लपतछपत आली. तिच्या खोक्यावर माझ्या दुप्पट ताकद लिहिली होती. आतलं गोड वासाचं पाणी संपलं आणि तिच्यासकट मला भाईंदरच्या खाडीकाठी कचऱ्यात फेकलं. मी तर अजून कितीतरी चाललो असतो.

पुढे कुणीतरी उचलून मला काशीमीऱ्याच्या एका गाळ्यात आणलं. वाटलं, चला, आपली कदर झाली. पण तिथल्या माणसाने माझं वेष्टन सोललं, मला एका मोठ्या नळीत कोंबलं, उरलेल्या जागेत पांढरी भुकटी भरली आणि वर निळं चकचकीत वेष्टन चढवलं. त्यावर छापलं होतं, तीन हजार.

जेसल पार्कमधल्या जयकुमारच्या दुकानातून सुलूताईंनी मला घेतलं. त्यांच्या लहानग्या सान्वीला दमा. धाप लागली की औषधाची वाफ देणारं छोटं यंत्र तोंडाला लावावं लागे, आणि त्याचा जुना सेल निकामी झाला होता. दसऱ्याला सान्वीला चेणे गावच्या देवीच्या पायांवर घालीन, असा सुलूताईंचा नवस होता. त्यासाठी नवरात्रभर उपास आणि पायांत चप्पल नाही. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं की यंत्राशिवाय पोरीला बाहेर न्यायचं नाही.

"ताई, तुम्ही मला राखी बांधता," जयकुमार म्हणाला. "तुम्हाला हलका माल देईन का? आँख बंद करके घेऊन जा."

सुलूताईंनी तसंच केलं.

मित्रांनो, मला किती आनंद झाला सांगू! आजवर धूर काढला, आता एका मुलीच्या श्वासाच्या उपयोगी पडणार होतो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मला बसवलेलं यंत्र पाटावर मांडलं, शेजारी विळी, कात्री, शिवणयंत्राची सुई. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. सान्वीने एकदा लावून बघूया म्हणून हट्ट धरला.

"आज नाही, बाळा," सुलूताई हळूच म्हणाल्या. "पुजलेल्या यंत्राला आज राबवायचं नसतं."

मला सांगावंसं वाटत होतं, आजच राबवा, आजच बघा. पण सेलला तोंड कुठे असतं? कुंकवाखाली तो खोटा आकडा घेऊन मी गप्प पडून राहिलो.

दसऱ्याला दर्शन छान झालं. परतताना रिक्षा काशीमीऱ्याला ट्रकांच्या गर्दीत अडकली आणि सान्वीला धाप लागली. यंत्र सुरू झालं. होतं नव्हतं ते सगळं मी दिलं. औषध निम्मंही संपलं नव्हतं आणि वाफ थांबली. सुलूताईंनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं.

"चाल ना रे," त्या मला म्हणाल्या. "तुझ्या भरवशावर आणलंय तिला."

मग पोरीला कडेवर घेऊन त्या अनवाणी धावत सुटल्या. कडेलाच गॅरेज होतं. मालक धनेश गाड्यांना हार घालत होता. त्याने काही न विचारता मोबाइलच्या चार्जरची वायर काढून यंत्राला लावली. वाफ आली. हळूहळू सान्वीची छाती शांत झाली.

धनेशने मला तळहातावर तोललं. "ताय, मापाच्या मानानं हलका हाय हा. ठेवून जा, तपासतो."

सुलूताई पुन्हा आल्या तोवर त्याने मला पूर्ण भरून, मोजणीच्या यंत्राला लावून सावकाश रिकामं केलं होतं. पडद्यावर आकडा आला, साडेचारशे. मग त्याने वरची नळी कापली आणि भुकटी टेबलावर सांडली. रांगोळीसारखी ती पसरली.

"याला मी कुंकू लावलं होतं," सुलूताई म्हणाल्या.

मला घेऊन त्या जयकुमारच्या दुकानात गेल्या. "माल वरून येतो, मी थोडाच आत घुसून बघतो," तो म्हणाला. आणि पाच हजारवाला सेल पुढे केला.

सुलूताईंचा आवाज चढला नाही. "आकडा नको, भाऊ. माझ्यासमोर तपासून दाखवा."

तो मोबाइलमध्ये बघू लागला. त्यांनी तो पाच हजारवाला तिथेच ठेवला.

परत गॅरेजमध्ये आल्यावर सान्वीच्या यंत्राला धनेशने त्यांच्यासमोर मोजलेला सेल बसवला. मला तो भंगाराच्या डब्यात टाकणार, तोच सुलूताईंनी हात पुढे केला. "त्याचा काय दोष? होतं तेवढं दिलं त्याने."

आज मी त्यांच्या देव्हाऱ्यातला विजेचा इवलासा दिवा पेटवतो. मित्रांनो, वस्तूवर छापलेलं वाचा, पण जिवाचा प्रश्न असेल तिथे आधी तपासून घ्या. आम्हा सेलांना कचऱ्यात फेकू नका, आम्ही पेट घेतो. घरी उघडूही नका. आणि कुणाच्या अंगावर त्याला न झेपणारा आकडा चिकटवू नका. आता माझ्या अंगावर सान्वीने पेनाने लिहिलंय, साडेचारशे. अक्षर वाकडं आहे. पण खरं आहे.