शेवटचा दीड मैल

ओरेगॉनच्या किनाऱ्यावर सायकलचं मागचं चाक समुद्रात भिजवून निघाले, तेव्हा एकच नेम केला होता: देशाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या मेन राज्याच्या समुद्रात पुढचं चाक भिजेपर्यंत कुणाच्या गाडीत बसायचं नाही. नेब्रास्कात समोरच्या वाऱ्याने जीव मेटाकुटीला आला. भली माणसं पिकअप थांबवायची आणि मी मान हलवायचे. हा हट्ट डॅडकडून आलेला. जन्मभर एकट्याने होडी घेऊन लॉबस्टर धरले, कुणाचा हात म्हणून धरला नाही.

शेवटच्या सकाळी, घर हाकेच्या अंतरावर असताना, रस्त्यावर डांबर घालत होते. लाल पाटी धरलेल्या बाईने मला अडवलं.

"सायकल नाही जाणार. ट्रकमध्ये टाक, दीड मैलावर सोडतो."

"काम संपल्यावर गेले तर?"

"जा की! संध्याकाळपर्यंत बस इथे डांबराचा वास घेत."

तेवढ्यात माझ्या बहिणीचा, कोरिनचा, फोन आला. "अगं, कुठे आहेस? डॅड मघापासून किनाऱ्यावर गाडीत बसून आहेत. चाकाच्या खुर्चीत बसणार नाही म्हणतात. तू दिसलीस की काठी टेकत वाळूत उतरणार. मागच्या वेळी पडले ते पुरे नाही झालं! किती वेळ थांबवू मी?"

मी ट्रककडे पाहिलं. एवढा देश तुडवला तो काय यासाठी? रागाने डोळे भरून आले. पण डॅड ताटकळत होते. सायकल ट्रकच्या मागच्या भागात टाकली आणि ड्रायव्हरशेजारी मुकाट्याने बसले. तो बिचारा हवापाण्याचं बोलत होता, मी हूं हूं करत राहिले.

ट्रकमधून उतरून किनाऱ्यापर्यंत सायकल मारली. कोरिनच्या गाडीची काच खाली होती. डॅड एक हात काठीवर ठेवून आत बसले होते.

"उशीर केलास," ते म्हणाले.

खोटं बोलता आलं असतं. कोण विचारायला येणार होतं?

"डॅड, दीड मैल ट्रकमधून आले. रस्ता बंद होता."

कोरिनने माझ्याकडे असं पाहिलं की बस. डॅड मात्र समोर पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता टोमणा येणार.

"रस्ता बंद होता म्हणतेस?"

"हो."

"मग काय करणार होतीस!" त्यांनी काठी कोरिनच्या हातात दिली. "आण गं ती खुर्ची."

ओहोटी होती, ओली वाळू घट्ट होती. कोरिनने खुर्ची ढकलली, मी सायकल. माझं पुढचं चाक पाण्यात गेलं, आणि शेजारी डॅडच्या खुर्चीची दोन छोटी चाकंही गेली. मला हुंदका आवरेना.

"रडतेस काय," डॅड म्हणाले. "मागे ओढा मला. बूट भिजले."